श्रीखंडाच्या डब्याखालचं पिस्तूल

आमच्या शेजारणीच्या कमरेला पिस्तूल नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या नसलेल्या पिस्तुलावर तिचा हात दिवसातून अनेकदा जातो. खुर्चीतून उठताना, गाडीतून उतरताना, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला की उजव्या हाताची बोटं कुर्त्याच्या शिवणीवरून कमरेपाशी जातात, काहीतरी जागेवर आहे ना ते चाचपतात, आणि नाही हे लक्षात आलं की उगाच ओढणी सारखी करून परत येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंची कंबर धरलीय. माझ्या बायकोने, कौमुदीने, तर चोळायला तेलाची बाटलीही नेऊन दिली होती. बाईंनी तेल ठेवून घेतलं आणि खरं कारण सांगितलं. कौमुदी घरी आली ती डोळे मोठे करून.

"अहो, शालनवहिनी पोलिसात होत्या! साध्या वेशातल्या!"

तेव्हापासून मी त्यांना 'कमिशनर' म्हणतो आणि त्या मला 'संशयित'.

शालन गांगुर्डे मूळच्या नाशिकच्या. पोलीस हवालदार. शेवटची काही वर्षं एका महिला न्यायाधीशांच्या अंगरक्षक म्हणून काढली. त्या न्यायाधीशबाईंना धमक्या येत, आणि बाई अशा की बंदूकधारी माणूस मागे घेऊन भाजी घ्यायला जायचं नाही म्हणून हटून बसलेल्या. मग शालनवहिनींनी अंगावरचा गणवेश उतरवला आणि मैत्रीण होऊन त्यांच्यासोबत फिरायला लागल्या. कुर्त्याच्या आत, उजव्या कमरेला पिस्तूल. भाजीबाजार, लग्नं, बारशी, सगळीकडे. एका हळदीकुंकवाला यजमानीणबाईंनी यांना वाण दिलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात? आणि तुम्ही घरीच का?" वहिनी म्हणाल्या, "हो, घरीच." वाण घ्यायला वाकताना पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतली, पण चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. इतक्या वर्षांत एकदाही गोळी झाडावी लागली नाही. हे त्या ज्या तोऱ्यात सांगतात, त्या तोऱ्यात लोक पदकं दाखवतात.

मग नवऱ्याला, जयदीपला, रास तनुराच्या रिफायनरीत नोकरी लागली. वहिनींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, पिस्तूल जमा केलं आणि इथे सौदीत, खोबरला आमच्या कंपाउंडमध्ये समोरच्या दारात राहायला आल्या. इकाम्यावर, म्हणजे इथल्या निवास परवान्यावर लिहिलं होतं, जयदीपवर अवलंबून. ज्या बाईवर एक न्यायाधीश अवलंबून होत्या, ती आता नवऱ्याच्या कार्डावर.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. पहिल्याच महिन्यात गळ्यात शिट्टी घालून कंपाउंडच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळी मुलं सायकली घेऊन उतरली की शिट्टी. "हेल्मेट कुठंय?" "सॉरी आँटी, आय फरगॉट." "फरगॉट घरी जाऊन आण." माझी गाडी जरा तिरकी लागली की वायपरखाली चिठ्ठी नाही, दारावर थाप. "संशयित, गाडी सरळ करा. आग लागली तर बंब कुठून जाणार? तुमच्या डोक्यावरून?"

"माझ्या डोक्यावर जागा मोकळीच आहे, कमिशनर," मी टकलावरून हात फिरवत म्हणायचो. पण गाडी सरळ करायचो.

इथे बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तेव्हा आमच्या कंपाउंडमधून सगळ्यात आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात याच. पहिल्या फटक्यात पास. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी म्हणे विचारलं, आधी कधी चालवली होतीस का? वहिनी म्हणाल्या, "जीप. रात्रीची. मागून दगड येत असताना." हे अरबीत कसं सांगितलं ते मला माहीत नाही, माझा विश्वास मात्र आहे.

आणि मागच्या वर्षी एक बातमी आली. इथल्या एका भारतीय शाळेला मुलींच्या विभागासाठी बस-इनचार्ज हवी होती. सकाळी कोणती मुलगी कोणत्या बसमध्ये चढली, दुपारी कुणाच्या हाती सोपवली, ड्रायव्हरने सीटबेल्ट लावला का, सगळं हिने पाहायचं. मुलाखत झाली. मुख्याध्यापिकेला वहिनी आवडल्या. काम पक्कं झालं, रविवारी हजर व्हायचं. अट एकच: पोलिसात नावावर एकही नोंद नको, अगदी शनिवारपर्यंतसुद्धा नको.

"घ्या," मी म्हणालो, "पोलिसांनीच पोलिसांकडून दाखला आणायचा."

वहिनी हसल्या नाहीत. असं क्वचित होतं. म्हणाल्या, "भावजी, घरात बसून सहा वर्षं झाली. सकाळी उठल्यावर मला कुणी विचारत नाही की आज कुठे ड्यूटी. रविवारी कुणीतरी विचारणार आहे." एवढं बोलून त्या आत गेल्या. मी दारातच उभा. टोमणा मारायला सुचलाच नाही, हे माझ्या बाबतीत जवळजवळ आजारपणच.

आता पिस्तुलाकडे येतो.

नाशिकला असताना दर खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रांची पूजा व्हायची. रायफली, काठ्या, जुनी तलवार, सगळं एका टेबलावर मांडून हळदकुंकू. वहिनी आपल्या पिस्तुलाला स्वतःच्या हाताने कुंकू लावायच्या. इथे आल्यावर पहिल्या खंडेनवमीला आमच्या घरी पूजा होती. मी लॅपटॉप ठेवला, कौमुदीने तिच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली एक पिपेट ठेवली, जयदीपने पाना ठेवला. वहिनी रिकाम्या हाताने बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "माझं जमा आहे."

हे जयदीपच्या मनाला लागलं. जयदीप म्हणजे दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली दोन व्हॉल्व्हबद्दल. पण पुढच्या वर्षी त्याने पॅकिंगच्या पेटीचं सागवानी लाकूड घेतलं आणि बायकोसाठी पिस्तूल कोरलं. बायकोला विचारून मापं घेतली. मुठीवरच्या खाचा अगदी तशाच. नळीला भोक. वर मॅट काळा रंग. हातात घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, "हलकं आहे हो." झालं! साहेबांनी मूठ पोखरून आत शिसं भरलं, जोवर बायको म्हणाली नाही, "हां. आता बरोबर." इंजिनियर नवरा प्रेम करायला लागला की असं होतं. दुसऱ्या कुणी गजरा आणला असता.

मी तेव्हाच म्हणालो होतो, "जयदीपराव, फार हुबेहूब झालंय. एखादी चूक ठेवा ना."

"चूक कशाला?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दर वर्षी ते लाकडी पिस्तूल आमच्या देवघरापाशी एक दिवस बसायचं आणि मग त्यांच्या कपाटात जायचं. कंपाउंडच्या फाटकाबाहेर कधी गेलं नाही. वहिनींचा तसा हुकूमच होता.

मागच्या वर्षी दसरा शनिवारी आला आणि अबकैकच्या सुशील देवधरने सगळ्यांना जेवायला बोलावलं. सुशील तिथल्या प्लांटमध्ये. घर मोठं, हौसही मोठी. फोनवर म्हणाला, "आपापली शस्त्रं घेऊन या, एकत्र मांडू, फोटो काढू." वहिनी त्याला तिथेच म्हणाल्या, "माझं घरीच राहील. तिकडच्या रस्त्यावर चेकपोस्ट आहे."

म्हणजे बाईंनी विचार केला होता. चूक त्यांची नव्हती, हे लक्षात असू द्या.

जयदीपची सकाळची पाळी होती. तो रास तनुराहून परस्पर अबकैकला येणार होता. म्हणून आम्ही तिघं निघालो. वहिनी चालवायला, मी शेजारी, मागे कौमुदी, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. माझ्या पायाशी एक कापडी पिशवी, तिच्यात जयदीपने सकाळी भरून ठेवलेला श्रीखंडाचा डबा. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच एखादा उंट तारेच्या कुंपणाआड उभा. मी वहिनींना चिडवत होतो, "उद्यापासून मुलींच्या बसा, म्हणजे आता आम्हा पुरुषांना शिट्टीपासून सुटका."

"तुमची केस वेगळी आहे. ती बंद होणार नाही."

समोर चेकपोस्ट दिसायला लागला. गाड्यांची लांब रांग. एरवी हात दाखवून सोडतात, त्या दिवशी काहीतरी कडक होतं; पुढच्या गाड्यांच्या डिक्या उघडलेल्या दिसत होत्या. आम्ही रांगेत लागलो, आणि माझा फोन वाजला. जयदीप. मी स्पीकरवर घेतला.

"निघालात का? शालूला सांगा, श्रीखंड जपून. आणि..." माणूस लाजला. फोनवर लाजलेलं ऐकू येतं. "आणि तिचं ते पण ठेवलंय. डब्याखाली. पूजा केलेलं एकटंच घरी राहिलं असतं. उद्या तिची नोकरी सुरू होतेय, म्हटलं सगळ्यांच्या सोबत मांडू. सरप्राइज."

मी पायाशी पाहिलं. पिशवीतून लाल खणाचं टोक दिसत होतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "फोन ठेवा. नंतर बोलते."

मी फोन ठेवला आणि पट्टा सोडून खाली वाकलो.

"भावजी, हात वर! पिशवीला हात लावायचा नाही. बेल्ट लावा. पायसुद्धा हलवू नका."

"पण वहिनी, ते सीटखाली सरकवू..."

"समोरचा माणूस बघतोय. गाडीत वाकलेला माणूस दिसला की तो काय समजतो, मला विचारा."

मी सरळ बसलो. "मग वळवा गाडी!"

"नाक्यासमोरून वळलेल्या गाड्या मी स्वतः किती पकडल्या असतील!"

मागून कौमुदी म्हणाली, "अहो, फॅमिली आहे. बायका बघून सोडतात. गप्प राहिलो तर काहीच होणार नाही." तिचं चुकीचं नव्हतं. बहुतेक वेळा तसंच होतं. गप्प राहिलं तर बहुधा सुटका आणि रविवारी नोकरी. तोंड उघडलं तर काय होईल, सांगता येत नव्हतं. नकली असलं तरी पिस्तूलच; साधी नोंद झाली तरी नोकरी गेली. आणखी काही झालं तर जयदीपचा इकामाही.

वहिनींनी गाडी थोडी पुढे घेतली. मग म्हणाल्या, "त्यांनी पिशवी उघडली नाही तर बरंच. पण उघडली तर? त्या नाक्यावरच्या पोराला लाकूड दिसणार नाही, पिस्तूल दिसणार. आणि ते दिसल्यावर त्याचा हात कुठे जाईल ते मला माहीत आहे. मी त्याच्या जागी उभी होते, कौमुदीवहिनी. माझ्याही हाताला घाम यायचा." थोडं थांबून, "आणि उद्या शाळेच्या मुलींची जबाबदारी घेऊ, आज चेकपोस्टवर नशिबावर सुटू, हे मला जमायचं नाही."

असं म्हणून त्यांनी चारही काचा खाली केल्या. गाडीतला एसी वाळूत गेला.

"आता सांगा, लाकडाला अरबीत काय म्हणतात?"

"खशब," कौमुदी म्हणाली.

"खेळण्याला?"

"लोबा."

"पिस्तुलाला?"

"मला काय माहीत! मला हॉस्पिटलातलं रक्ता-लघवीचं अरबी येतं!"

"मुसद्दस," मी म्हणालो. इतक्या वर्षांत टीव्हीवर रात्री बघितलेल्या सिनेमांचा एवढाच उपयोग झाला.

वहिनी ओठांतल्या ओठांत घोकत राहिल्या, शब्दांची जागा बदलत. "लाकूड आधी. खेळणं मग. पिस्तूल शेवटी. पिस्तूल आधी आलं तर पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. आणि ऐका, एकानेच बोलायचं. मी. भावजी, तुम्ही विनोद केलात तर मी तुम्हाला इथेच सोडून जाईन."

आमची पाळी आली. गाडी थांबली, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. मीही माझे हात डॅशबोर्डवर ठेवले. जवान अगदी तरुण होता. त्याने आत पाहिलं, दोन बायका, एक टक्कल, पुरणपोळ्यांचा वास. हात अर्धा वर गेला, 'चला' म्हणून. माझा अर्धा श्वास सुटला.

आणि वहिनी बोलल्या. "सलाम आलेकुम. फी शंता, खशब. लोबा. मुसद्दस लोबा." शंता म्हणजे पिशवी. डोळ्यांनी माझ्या पायाकडची पिशवी दाखवली, हात जागेवरून हलला नाही.

जवानाचा हात हवेतच राहिला. मग तो एक पाऊल मागे सरला, त्याचा दुसरा हात कमरेकडे गेला आणि त्याने ओरडून कुणालातरी हाक मारली.

आलेला माणूस वयाने मोठा, दाढीत पांढरे केस, खांद्यावर पट्ट्या. त्याने खुणेने सांगितलं, उतरा. आणि मला एकदम आठवलं: गाडीतून उतरताना या बाईचा उजवा हात कमरेवर जातो. दर वेळी. चुकल्याशिवाय. वर सीटबेल्टचं बटण नेमकं त्याच कमरेपाशी.

वहिनींनाही ते आठवलं असणार. त्या बसून राहिल्या. "कौमुदीवहिनी, मागून हात घालून माझ्या बेल्टचं बटण दाबा. आधी त्यांना तुमचा हात दाखवा. हळू."

कौमुदीने रिकामा हात दाखवला, बटण दाबलं. पट्टा सरकला. दार बाहेरून जवानाने उघडलं. वहिनी उतरल्या, दोन्ही तळवे आभाळाकडे करून, जणू कुणी हातावर तीर्थ घालणार आहे. वारा सुटला होता. ओढणी डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून जमिनीवर पडली. मी त्यांच्या उजव्या हाताकडेच बघत होतो. बोटं मिटली. पुन्हा उघडली. हात मात्र तिथेच राहिला.

बायकोचं मंगळसूत्र चोरीला गेलं होतं तेव्हाही मी इतका वेळ श्वास रोखला नव्हता.

साहेबाने मला उतरवलं आणि पिशवी स्वतः उचलली. आधी डबा काढला, बॉनेटवर ठेवला. मग खणाची घडी उलगडली. आत काळं, जड पिस्तूल, आणि त्यावर नळीपासून मुठीपर्यंत लाल ओघळ.

आदल्या दिवशी पूजेला कुंकू पाण्यात कालवून लावलं होतं, सढळ हाताने. आणि पूजा झालेलं शस्त्र दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत पुसायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत. घरात ती फार गोड वाटते. चेकपोस्टवर ते रक्त लागलेलं पिस्तूल होतं.

तरुण जवानाने श्वास आत घेतलेला ऐकू आला. वहिनींचे तळवे वरच. त्यांनी एकच शब्द पुन्हा म्हटला, "खशब." आणि मागच्या खिडकीतून, एकानेच बोलायचं हा हुकूम मोडून, आमची कौमुदी ओरडली, "कुरकुम! कुरकुम!"

कुरकुम म्हणजे हळद. इथल्या मसाल्याच्या दुकानात रोज ऐकू येणारा शब्द. कुंकू हळदीचंच होतं, कौमुदीच्या आईने गावाहून पाठवलेलं. साहेबाने बोट लावलं, नाकाशी नेलं. वास घेतला. कौमुदीकडे पाहिलं. मग पिस्तूल उलटं धरून मूठ बॉनेटवर आपटली.

टक्.

लोखंडाचा नव्हे, पाटाचा आवाज. पाट मांडताना येतो तसा. मला आयुष्यात कुठल्याच संगीताने इतकं सुख दिलं नाही.

साहेबाचे खांदे खाली आले. त्याने तरुण जवानाला हाताने खूण केली. त्याचा हात कमरेवरून निघाला. मग साहेबाने बऱ्यापैकी हिंदीत विचारलं, "ये क्यों?"

"मैं पुलिस थी," वहिनी म्हणाल्या. "इंडिया में. अब नहीं हूँ. हमारे यहाँ साल में एक दिन अपने औजार को... इज्जत देते हैं. असली जमा कर दिया. ये मेरे आदमी ने बनाया." मग म्हणाल्या, "फोटो है. फोन पर्स में है. निकालूँ?" आणि साहेबाने मान हलवेपर्यंत तळवे तसेच.

फोटो मी पाहिलेला होता. कुठल्यातरी लग्नातला. न्यायाधीशबाई पैठणीत, शेजारी शालनवहिनी हिरव्या कुर्त्यात, हातात अक्षतांची वाटी. साहेबाने बघितलं आणि हसला. "इसमें पुलिस कौन?"

"मैं."

"हथियार?"

"है. इसी फोटो में."

आता साहेबाची मान खाली गेली. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. तरुण जवान शेजारी आला, तोही वाकला. त्याने फोटोतल्या पर्सवर बोट ठेवलं. वहिनींनी मान हलवली, नाही. साहेबाने ओढणीखाली दाखवलं. नाही. तिसरा एक पलीकडच्या रांगेतून आला, त्याने पायाकडे, मोज्यात असेल म्हणून. नाही! पाठीमागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर तिघांनीही मान वर न करता त्याला हाताने गप्प केलं. मी तर तो फोटो त्यांच्या भिंतीवर टांगलेला रोज बघतो, मलाही कधी दिसलं नाही.

मग वहिनींनी पडद्यावर करंगळी टेकवली. उजव्या कमरेला कुर्त्याची एक चुणी. बाकीच्या चुण्यांसारखीच. "यहाँ. नौ एमएम. पूरे दिन. सात सौ मेहमान थे. किसी को पता नहीं चला."

साहेबाने ती चुणी आणखी मोठी करून पाहिली. मग म्हणाला, "माशाल्लाह." हळूच, स्वतःशीच म्हणाल्यासारखं.

त्या क्षणी माझी छाती जी फुगली, ती अजून बसलेली नाही. जणू तो कुर्ता मीच शिवला होता.

पण साहेब शेवटी साहेब. "ये इधर रहेगा," तो पिस्तुलाकडे बघत म्हणाला. "गाड़ी में नहीं. घर में भी नहीं. ठीक?"

वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "एक बार मेरे हाथ में दीजिए. मैं खुद जमा करूँगी." त्याने क्षणभर विचार केला आणि दिलं.

त्यांनी ते घेतलं तसं मी कुणालाही काही घेताना पाहिलेलं नाही. बोट घोड्यापासून दूर, नळी जमिनीकडे. खणाच्या टोकाने कुंकू पुसलं, नीट, मुठीच्या खाचांतूनसुद्धा. मला कळलं, सीमोल्लंघन झालं होतं. मग मूठ पुढे करून त्यांनी ते साहेबाच्या हातात ठेवलं आणि एक पाऊल मागे येऊन टाचा जुळवल्या. "हत्यार जमा, साहेब." हे मात्र मराठीत. त्याला काय कळलं असेल ते असो. त्याचा हात टोपीपर्यंत गेला.

मग तो सगळ्यांचे इकामे घेऊन केबिनमध्ये गेला.

त्याने काय लिहिलं, काही लिहिलं की नाही, आम्हाला दिसत नव्हतं. ऊन तसंच. श्रीखंडाचा डबा बॉनेटवर तापत होता आणि तो उचलायची माझी हिंमत नव्हती. वहिनींनी ओढणी उचलली, झटकली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "भावजी, रविवार गेला असेल हो."

खरं सांगतो, तेव्हाही मला टोमणा सुचला नाही. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा.

तरुण जवान इकामे घेऊन आला. वहिनींचा वेगळा, वर ठेवलेला. "खलास," तो म्हणाला. आणि मग जपून, हिंदी शब्द शोधत, "साहब बोला, नाम नहीं लिखा. यल्ला." म्हणजे निघा. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "बेल्ट!"

गाडीत बसताना वहिनींचा हात कमरेवर गेला, चाचपला, आणि रिकामा परत आला. मग त्या इतक्या जोरात हसल्या की कौमुदी रडायलाच लागली.

अबकैकला श्रीखंड पातळ झालेलं होतं; सुशीलने ते पन्ह्यासारखं वाट्यांतून वाढलं. जयदीप दारातच उभा होता, चेहरा मातीचा. त्याला वाटलं, आता पोलिसी खाक्या दिसणार. वहिनी त्याच्यासमोर गेल्या, त्याच्या हातात सोन्याची पानं ठेवली (आपट्याची इथे कुठून, सुशीलच्या बागेतली कुठल्यातरी झाडाची) आणि म्हणाल्या, "तुमचं काम पसंत पडलं. तीन पोलीस फसले."

"मूठ?" जयदीपने विचारलं. "मूठ बरोबर वाटली त्यांना?"

काय बोलावं अशा माणसाला!

रविवारी सकाळी मी मुद्दाम लवकर उठून बाल्कनीत गेलो. खाली वहिनी पिवळं जाकीट घालून, शिट्टी गळ्यात, शाळेच्या गाडीची वाट बघत उभ्या. मी वरून ओरडलो, "कमिशनर, आज कुठे ड्यूटी?"

त्यांनी वर पाहिलं. जाकीट सारखं केलं. मग म्हणाल्या, "मुलींच्या बसवर. आणि संशयित, तुमची गाडी तिरकी आहे."

यंदा खंडेनवमीला आमच्या पाटावर माझा लॅपटॉप, कौमुदीची पिपेट, जयदीपचा पाना आणि शाळेचा एक वॉकीटॉकी होता. वहिनींनी त्याला कुंकू लावलं. कोरडं, एकच बोट, अगदी बेताचं. पूजा झाली, त्या उठल्या, उजवा हात सवयीने कमरेवर गेला. मी तोंड उघडणार, इतक्यात दिसलं, त्या जागी वॉकीटॉकीची रिकामी क्लिप होती.